रोज रिकामा येणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन कप्पे, वर दांडी, दोन्ही बाजूंना कड्या आणि पोटाला एक भला मोठा पोचा. तो पोचा कसा पडला ते पुढे येईलच. पण त्याआधी एक सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तेवढं होत नाही. तुम्ही ऐकून घ्या आणि माझं चुकत असेल तर मला नावं ठेवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. पत्रा कापला, दाबला, घासला एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा मी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात दोरीला टांगलेला होतो. तिथून तारामतीच्या वडिलांनी मला तिच्या रुखवतासाठी उचललं. दुकानदारानं कर्रकर्र करत माझ्या झाकणावर नाव कोरलं, 'सौ. तारामती शेषेराव'. फार गुदगुल्या झाल्या. लग्नाच्या मांडवात मी शंकरपाळ्यांच्या परातीशेजारी मोठ्या रुबाबात बसलो होतो. तारामती आणि शेषेराव यांचं घर औशाच्या पुढे एका खेड्यात. घर दगडमातीचं, शेत काळंभोर आणि घरात माणसं कामाची. मला तिथं करमलं.

माझं काम शेषेरावांची न्याहारी शेतात नेण्याचं. खाली भाकरी, मधे भाजी, वर चटणी आणि कांदा. शेषेराव बांधावर बसून जेवायचे आणि हात धुताना मलाही विसळून घ्यायचे. "भाकर कशी मऊ राह्यली बघ," असं ते सालगड्याला सांगत. ती करामत तारामतीच्या हाताची होती, पण मीही थोडा मान घेत असे.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून गाव निजलं होतं आणि पहाटेच्या अंधारात भिंतीच अंगावर आल्या. मी फळीवरून खाली पडलो आणि माझ्यावर घराचा दगड पडला. हा पोचा तेव्हाचा. आमच्या घरातली चौघंही वाचली. शेजारच्या घरातलं कुणीच वाचलं नाही. पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. खिचडीच्या रांगेत तारामती मलाच घेऊन उभी राहायची. आदिनाथ तेव्हा सहा वर्षांचा आणि दीपमाला त्याच्याहून वर्षभरानं धाकटी. दोघं माझ्या एकाच कप्प्यात हात घालून जेवायची आणि तळाशी राहिलेली खिचडीची खरवड आदिनाथ बहिणीला द्यायचा. दीपमालाला खरवड आवडते हे त्याला ठाऊक होतं. मित्रांनो, मी कुणाच्या वाईटावर नाही. तो मुलगा तेव्हा तसा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवं गाव वसलं, नवी घरं मिळाली. शाळेत आदिनाथ हुशार निघाला आणि दीपमाला त्याच्याहून हुशार. पण ती धाकटी आणि मुलगी, म्हणून तिच्या हुशारीचं कौतुक लोक जरा हळू आवाजात करायचे.

त्या वर्षांत लातूरचं नाव फार मोठं झालं होतं. लातूरला अकरावी-बारावी केली, तिथले क्लास लावले की पोरगं डॉक्टर किंवा इंजिनिअर होणार, असं गावोगावी पक्कं झालं होतं. नांदेडची मुलं लातूरला, परभणीची मुलं लातूरला, मग आमच्या घरचा मुलगा औशाला कसा राहील? दहावीचा निकाल लागला तसं शेषेरावांनी आदिनाथला लातूरला नेलं, क्लास लावला, गावच्याच दोन मुलांबरोबर खोली पाहून दिली. जेवणाचा प्रश्न नव्हता. त्यासाठी मी होतो.

खेड्यापाड्यांतून लातूरला डबे कसे जातात ते तुम्हाला सांगायला हवं. सकाळची एसटी फाट्यावर थांबते. आया, बहिणी, आज्या डबे घेऊन उभ्या असतात. वाहक ते घेतो आणि चालकाच्या मागच्या जागेत ओळीनं रचतो. लातूरच्या स्थानकात गाडी शिरली की मुलं धावत येतात आणि आपापला डबा उचलतात. रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत. सगळे डबे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या दांडीला चिंधी बांधलेली. माझ्या दांडीला दीपमालानं आपली शाळेची लाल रिबीन बांधली होती. आमच्या गाडीचे वाहक होते शिवप्पा. दिवसाला शंभर माणसांवर खेकसायचे, पण डब्याला कधी पाय लागू दिला नाही.

तारामती पहाटे उठून तव्यावर बसायची. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण, कधी मेथी, कधी आंबट चुका. आणि वरच्या कप्प्यात एक छोटी वाटी तुपाची. घरी म्हैस एकच. दूध डेअरीला घातल्यावर जे उरायचं त्याचं तूप होऊन होऊन किती होणार? आधी ते दोघा भावंडांच्या ताटात पडायचं. आता सगळं माझ्यातून लातूरला जाऊ लागलं. दीपमाला त्या वर्षी दहावीला होती. ती कोरडी भाकरी मोडून खायची आणि जाता जाता माझी दांडी दाबून बघायची, कडी नीट लागली की नाही ते. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

पहिले काही दिवस सगळं बरं चाललं. आदिनाथ मला खोलीवर न्यायचा आणि पोटभर जेवायचा. त्याच्या क्लासमध्ये नांदेडचा एक मुलगा होता, अजहर. वडिलांचं कापडाचं दुकान, अंगावर इस्त्रीचे कपडे, खिशात मोबाइल. स्वभावानं मात्र मोकळा. एकदा तो खोलीवर आला आणि मला पाहून हसला.

"अबे, हा डबा भूकंपातून काढला की काय?"

तो गमतीत बोलला. खरं ते बोलला, पण त्याला काय माहीत! मग त्यानं भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"काय चटनी हाय यार! आम्ही तिकडं मेसचं पानी पिऊन राहिलो आन तू एकटा हे खातो? उद्यापासून माझी पन एक भाकर मागव."

मित्रांनो, ही दुसरी गोष्ट आदिनाथच्या कानात शिरलीच नाही. पहिली तेवढी शिरली. त्या दिवसानंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं की त्याला माझा पोचाच दिसायचा. आधी मला पिशवीत घालून न्यायला लागला. मग इतर मुलं गेल्यावर गाडीपाशी यायला लागला. अजहर, त्याचे दोस्त आणि कुणी कुणी रोज दुपारी स्थानकासमोरच्या हॉटेलात बसत. आदिनाथला त्यांच्यात बसायचं होतं. बसायचं तर डोसा मागवायला हवा, आणि डोसा मागवायचा तर पोटात भाकरी नको.

स्थानकाच्या फाटकाशी भामाबाई नावाची बाई पाटी घेऊन बसायची. जांभळाच्या दिवसांत जांभळं, पेरूच्या दिवसांत पेरू, थंडीत बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे. एक दिवस आदिनाथनं मला गाडीतून घेतलं आणि सरळ तिच्यापुढं ठेवलं.

"मावशी, ह्ये खाऊन टाका. संध्याकाळी रिकामा डबा शिवप्पाच्या गाडीत द्या."

"का रं बाबा? तुजं जेवान न्हवं का ह्ये?"

"आमच्या घरी लई होतंय. फेकावंच लागतंय."

फेकावंच लागतंय! मी तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, माझ्या तिन्ही कप्प्यांना त्या शब्दानं चटका बसला. तुपाच्या वाटीकडे मला बघवेना. भामाबाईनं माझं झाकण उघडलं. मग तिनं हात जोडले आणि जेवली. तिचा मला राग नाही. तिच्याइतकं मन लावून माझ्यातलं अन्न फार थोड्यांनी खाल्लं आहे. जेवल्यावर तिनं मला राखेनं घासून लख्ख केलं. आणि मग तिनं ते केलं जे आमच्याकडची कुठलीही बाई करते. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून पाटीतली ओंजळभर जांभळं माझ्यात टाकली आणि कड्या लावल्या.

संध्याकाळी फाट्यावर दीपमालानं मला घेतलं. घरी येऊन उघडलं आणि तिथूनच ओरडली.

"आई, बघ! भैय्यानं जांभळं धाडली!"

तारामती चुलीपाशी होती. तिनं एक जांभूळ तोंडात टाकलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लेकराला आपली याद हाय गं," ती म्हणाली. शेषेराव तर गावभर सांगून आले.

इथून पुढे मी रोजचा खोटारडा झालो. मला बोलता येत नाही, पण माझं रिकामं पोट बोलायचं की आदिनाथ पोटभर जेवला. माझ्यातली जांभळं, पेरू, बोरं बोलायची की आदिनाथचं घरावर फार प्रेम आहे. दुसऱ्या दिवशी तारामती तुपाची वाटी आणखी काठोकाठ भरायची. थोड्या दिवसांनी आदिनाथनं गाडीपाशी येणंही सोडलं. भामाबाईच शिवप्पांकडून मला उतरवून घेऊ लागली. शिवप्पांना वाटलं, पोरानं सांगून ठेवलं असेल. मी सकाळी एका बाईच्या हातून निघायचो, दुसऱ्या बाईच्या हातात पडायचो, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याचं मला तोंडही दिसत नव्हतं.

डोशाचे पैसे कुठून येत? ते घरूनच येत. नोट्सची झेरॉक्स, जादा तास, परीक्षेचा सराव, अशी कारणं सांगून. शेषेरावांना शिक्षणातलं काही कळत नव्हतं आणि आपल्याला कळत नाही याची त्यांना लाज वाटायची. म्हणून ते कधी दुसरा प्रश्न विचारत नसत.

दिवाळीला आदिनाथ घरी आला. पायात नवे पांढरे बूट होते. मित्राचे आहेत, त्याला घट्ट होतात, असं त्यानं सांगितलं. तारामतीनं त्याला ओवाळलं, जवळ बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"आदी, रोज रोज फळं नको घेत जाऊ बाबा. तुजेच पैसे तुला पुरत नसतील. आम्हाला मिळालं, पोचलं सगळं."

आदिनाथ गोंधळला. "कोन्ती फळं?" असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. मी फळीवरून बघत होतो. मला वाटलं, आता हा विचारणार आणि सगळं बाहेर येणार. माझी तेवढीच आशा होती. त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग दीपमालाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"हाव," तो म्हणाला, "दिसली की घेतो. त्यात काय येवढं."

मित्रांनो, अन्न दुसऱ्याला देऊन टाकलं ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. मुलांना चारचौघांसारखं दिसावंसं वाटतं, हे मलाही कळतं. मीही मांडवात परातीशेजारी रुबाब केलेला आहे. पण एका गरीब बाईनं टाकलेली बोरं त्यानं स्वतःच्या नावावर लावून घेतली. त्या क्षणी तो मुलगा माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

त्याच दिवाळीत सगळे अंगणात बसलेले असताना शेषेरावांनी शब्द दिला. सोयाबीन चांगलं झालं होतं. ते म्हणाले, "ह्ये पैसे दीपमालाचे. पोरीला पन लातूरला धाडायचं. सायन्सला. भावाच्या मागं बहीन." दीपमाला उठून आत आली आणि कारण नसताना मला घासत बसली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. भूकंपानंतर शेडमध्ये तपासायला येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या मागे मागे ती दिवसभर फिरायची, तेव्हापासूनचं ते वेड होतं.

मग संक्रांत आली. त्या दिवशी तारामतीनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची उरलेली भाजी आणि गुळाच्या पोळ्या दिल्या. भामाबाईनं सणाचं जेवण पाहिलं आणि तिला भरून आलं. संध्याकाळी परत पाठवताना तिनं नुसती बोरं टाकली नाहीत. सवाष्णीनं सवाष्णीला द्यावं तसं वाण दिलं. कागदाच्या पुडीत हळद-कुंकू, तिळगूळ, उसाचं कांडं, हरभऱ्याचे घाटे आणि एक छोटी फणी.

दीपमालानं कप्पा उघडला आणि ती पुडी हातात घेऊन उभी राहिली.

"आई, भैय्या कशाला हळदी-कुंकू धाडंल?"

तारामतीनं फणी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. तिच्या मनात काय आलं असेल ओळखा. आपलं लेकरू उपाशी राहत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, लातूरला कुणीतरी पोरगी आहे! माझ्या लेकाचा डबा घासती, फळं भरती, आणि आता सासूला वाण धाडती. तिनं शेषेरावांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं निमित्त काढलं, दीपमालाला बरोबर घेतलं, मला मांडीवर धरलं आणि सकाळच्या गाडीत बसली. सगळा रस्ता ती माझी दांडी इतकी घट्ट आवळत होती की रिबीन सुटायला आली.

स्थानकात गाडी थांबली. शिवप्पा म्हणाले, "वैनी, तुम्ही स्वतः आलाव? डबा भामाबाईकडं द्या, ती नेती रोज."

"कोन भामाबाई?"

शिवप्पांनी फाटकाकडं बोट केलं. तारामती तिथं गेली. तिनं मनात एक तरणीताठी पोरगी धरली होती आणि समोर पांढऱ्या केसांची, पाटीपुढं बसलेली बाई. तिचा गोंधळ उडाला. भामाबाईनं मला ओळखलं, लाल रिबिनीवरून.

"अगं माय, ह्यो तर आपला डबा! तुमी कोन म्हनायच्या? त्या पोराच्या आई का? बसा, बसा. अक्का, तुमच्या हातची चटनी खाऊन माजं आयुष्य वाढलं बगा."

हळूहळू सगळं निघालं. भामाबाईला यात काही लपवण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं. "पोरगं म्हनलं, आमच्या घरी लई होतंय, फेकावं लागतंय. म्या म्हनलं, फेकू नगं बाबा, अन्न हाय." तारामती ऐकत होती. दीपमाला ऐकत होती. मी त्या दोघींकडे बघत होतो. सहा महिने माझ्या पोटात कोंडलेलं खरं आता बाहेर पडलं होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. आता न्याय होणार, असं मला वाटलं.

"आता कुठं हाय तो?" तारामतीनं विचारलं.

भामाबाईनं समोरचं हॉटेल दाखवलं. दारातल्या टेबलावरच मुलं बसली होती. मधे आदिनाथ. पांढरे बूट, उलटे फिरवलेले केस, हातात कुणाचा तरी मोबाइल. तारामती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दुपारचं ऊन माझ्या झाकणावर पडलं होतं. आदिनाथनं मान वर केली. त्यानं आईला पाहिलं. बहिणीला पाहिलं. मला पाहिलं. आणि मान खाली घालून तो डोशाचा तुकडा मोडू लागला. उठला नाही.

"त्याचं ध्यान न्हवतं," तारामती म्हणाली.

"आई, त्यानं बघितलं," दीपमाला म्हणाली.

"ध्यान न्हवतं म्हनलं ना!"

ती हॉटेलात गेली नाही. जेवण भामाबाईला दिलं, परतीच्या गाडीत बसली आणि गाडी औशाच्या पुढं गेल्यावर एक मोठा श्वास सोडून म्हणाली, "पोरगी-बिरगी काय न्हाई. माझा जीव भांड्यात पडला." ते भांडं तिच्या मांडीवर होतं आणि त्याच्या मनाला काय वाटत होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मोठ्या संकटाची भीती घेऊन गेलेल्या माणसाला लहान फसवणूक काहीच वाटत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

संध्याकाळी शेषेराव शेतातून आले, तेव्हा तारामतीनं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं. पण काय सांगितलं? "आवो, मी लातूरला जाऊन आले. पोराला डब्यापायी लाज वाटती. मोठ्या घरची पोरं असत्यात तिथं. ह्यो असला चेपलेला डबा घेऊन जायाचं म्हंजी चारचौघांत त्याला कमीपना येतो. आभ्यासात ध्यान कसं लागंल? त्याला मेस लावा. त्या पोरांच्या खोलीत जागा घेऊन द्या. आन एक मोबाइल पन. त्यांच्यात राहील तर त्यांच्यासारखा होईल."

फेकावं लागतंय, हा शब्द तिनं सांगितला नाही. हॉटेलातल्या डोशाचं सांगितलं नाही. मान खाली घातल्याचं सांगितलं नाही. सगळा दोष माझ्या पोच्यावर आला. ज्या भूकंपात घरातली चौघं वाचली त्याच भूकंपातल्या दगडानं मला चेपलं, एवढंही कुणाला आठवलं नाही.

शेषेरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पैसे तर दीपमालाचे हायत," ते म्हणाले.

"तिचं पुढच्या साली बघू. ह्याचं आता बारावीचं साल येतंय."

दीपमाला दारात उभी होती. शेषेरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, म्हणून त्यांना वाटलं तिची हरकत नाही.

जूनमध्ये तिचा निकाल लागला. भावाला दहावीला होते त्याहून कितीतरी जास्त मार्क. शाळेत पेढे वाटले. लातूरला अर्ज भरायची मुदत आली आणि गेली. त्या दिवशी दीपमाला मोरीत भांडी घासत होती आणि मी तिच्या हातात होतो. तारामती धुणं घेऊन आली, तेव्हा दीपमालानं वर न बघता विचारलं.

"आई, आबांला खरं का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? लेक खोटं बोलतो म्हनून? बापाच्या मनातनं उतरला असता तो."

"आन माझं?"

"तू समजदार हायीस गं."

"समजदार हाय म्हनून माझंच काढून घ्यायचं?"

तारामतीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. आता ती उठेल, शेतात जाईल आणि शेषेरावांना सगळं सांगेल. मुदत गेली असली तरी कुणाच्या तरी हातापाया पडता आलं असतं. तिनं लुगडं पिळलं, दोरीवर टाकलं आणि म्हैस ओरडतेय म्हणून गोठ्याकडं गेली. मी तारामतीच्या रुखवतातला डबा. तिच्याबद्दल वाईट बोलताना माझी जीभ जड होते. पण आदिनाथपेक्षाही तिनं मला जास्त दुखावलं. तो पोरसवदा होता. तिला सगळं माहीत होतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. आदिनाथ डॉक्टर झाला नाही. लातूरला मोबाइलच्या दुकानात लागला आणि आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. सणावाराला येतो, आई-बापाला कपडे आणतो. चांगला मुलगा आहे, असं गाव म्हणतं. दीपमालानं औशाला एसटीनं जाऊन-येऊन आर्ट्स केलं आणि बारावी होताच निलंग्याकडे तिचं लग्न झालं. तीही सुखात आहे, असं गाव म्हणतं. ती माहेरी आली की सगळ्यांशी हसून बोलते. आजारी माणूस दिसला तर त्याच्या औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर ती दोनदोनदा वाचते. मग पाकीट ठेवून देते. मी फळीवर असतो. माझ्यात आता भेंडी-गवारीचं बियाणं भरलेलं असतं.

मित्रांनो, तुमच्याही घरून कुणीतरी पहाटे उठून डबा भरून देत असेल. तुम्हाला तो नकोसा झाला, मित्रांत त्याची लाज वाटली, तर एक करा. तो भरलेलाच परत पाठवा. आई चिडेल, रडेल, बाप दोन शब्द बोलेल. बोलू द्या. पण घरच्यांना खरं काय ते कळेल आणि मग पैसा कुणासाठी, तूप कुणासाठी, हे त्यांना डोळे उघडे ठेवून ठरवता येईल. दुसऱ्याकडून रिकामा करून घेऊन पाठवू नका.

आणि आई-बापांनो, तुम्हीही ऐका. जे लेकरू मागतं त्याचं तुम्ही ऐकताच. जे मागत नाही त्याला एकदा समोर बसवून विचारा, तुला काय हवं आहे? आमच्या घरात दीपमालाला हे कुणीही विचारलं नाही. मला तोंड असतं तर मी विचारलं असतं.